जहाजभाड्यावर दोनदा कर: मोहित मिनरल्स प्रकरणाचा अभ्यास

१९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘केंद्र सरकार विरुद्ध मोहित मिनरल्स’ या खटल्याचा निकाल दिला. बातम्यांचे मथळे बहुतेक ठिकाणी एकाच गोष्टीवर होते: जीएसटी परिषदेच्या, म्हणजे केंद्र आणि राज्यांच्या संयुक्त मंडळाच्या, शिफारशी केंद्रावर आणि राज्यांवर बंधनकारक नाहीत. मग संघराज्य, राज्यांचे अधिकार, परिषदेतलं मतदान यावर लेखांमागून लेख आले. खटला मात्र कुठल्याही राज्याने केलेला नव्हता. तो केला होता कोळसा आयात करणाऱ्या एका कंपनीने. तिचं म्हणणं साधं होतं: बोटीच्या भाड्यावर आम्ही कस्टममध्ये कर भरलाय, त्याच भाड्यावर तो पुन्हा मागू नका.

कंपनी जिंकली ती या साध्या मुद्द्यावर. आयात करणाऱ्या व्यापाऱ्याने या निकालातला तोच भाग वाचायला हवा, आणि तोच सर्वात कमी वाचला गेला आहे.

सौदा

मोहित मिनरल्स इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका, अमेरिका अशा देशांतून बिगर-कोकिंग कोळसा आणून भारतातल्या वीज आणि पोलाद उद्योगांना पुरवत असे. खटल्याशी संबंधित सौदे ‘सीआयएफ’ अटीवर होते. म्हणजे परदेशी विक्रेता एकच किंमत सांगतो. तिच्यात मालाची किंमत, विमा आणि भारतीय बंदरापर्यंतचं भाडं असं सगळं आलं. बोट तोच ठरवतो आणि भाडंही तोच भरतो. ‘एफओबी’ सौद्यात उलट असतं. विक्रेता आपल्या बंदरात बोटीवर माल चढवून मोकळा होतो, पुढची बोट, भाडं, विमा हे खरेदीदाराने पाहायचं.

सीआयएफ सौद्यात दोन करार असतात. एक विक्रेता आणि भारतीय खरेदीदार यांच्यातला, मालाचा. दुसरा विक्रेता आणि शिपिंग लाइन यांच्यातला, वाहतुकीचा. दुसऱ्या करारात खरेदीदार कुठेच नसतो. भाडं किती लागलं हे त्याला बहुतेक वेळा कळतही नाही, कारण विक्रेता ते सांगत नाही. आपला मार्जिन कोण उघड करणार? पिंपरी-चिंचवडचा एखादा कारखानदार ‘सीआयएफ न्हावा शेवा’ दराने मशीन मागवतो तेव्हा त्याच्या हातात एक इन्व्हॉइस असतं आणि त्यावर एक आकडा असतो, बस.

पहिला कर: कस्टममध्ये

सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १४ प्रमाणे आयात मालाचं मूल्य ठरवताना भारतीय बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा त्यात धरावे लागतात. २००७ च्या मूल्यांकन नियमांतला १० (२) हा नियम त्याची रीत सांगतो. सीआयएफ इन्व्हॉइस असेल तर प्रश्नच नाही, भाडं आधीच आत आहे. एफओबी इन्व्हॉइस असेल तर प्रत्यक्ष भाडं आणि विमा त्यात मिळवतात. भाडं कळायला मार्गच नसेल तर एफओबी किमतीच्या २० टक्के भाडं आणि १.१२५ टक्के विमा असं गृहीत धरतात.

अशी गृहीत टक्केवारी कस्टमला फार आवडते. पूर्वी माल उतरवण्याचा खर्च म्हणून सरसकट १ टक्का लावत असत, प्रत्यक्ष खर्च माहीत असला तरी. २०१५ मध्ये विप्रोच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते चालू दिलं नाही आणि २०१७ मध्ये नियमच बदलला. गृहीत टक्केवारीचा हा मुद्दा पुढे परत लागणार आहे.

मूल्य ठरलं की त्यावर मूळ सीमाशुल्क, मग समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्यांच्या बेरजेवर सीमाशुल्क दर कायदा, १९७५ च्या कलम ३ (७) खाली आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी. एक काल्पनिक कन्साइनमेंट घेऊन हिशेब करू, म्हणजे वादाची रक्कम डोळ्यांसमोर येईल.

समजा मालाची एफओबी किंमत ९० लाख, भाडं ९ लाख, विमा १ लाख. सीआयएफ मूल्य झालं १ कोटी. मूळ सीमाशुल्क २.५ टक्के धरलं तर अडीच लाख. त्यावर १० टक्के अधिभार, म्हणजे २५ हजार. बेरीज १,०२,७५,०००. कोळशावर त्या काळी आयजीएसटी ५ टक्के होता, तो झाला ५,१३,७५०. (टनामागे ४०० रुपये भरपाई उपकर वेगळा, तो वजनावर होता, म्हणून इथे सोडून देऊ.) या ५,१३,७५० मध्ये भाड्याचा वाटा काढला तर साधारण ४६ हजार येतो. ही रक्कम बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे आयातीच्या कस्टम घोषणापत्रावर, भरल्याशिवाय माल बंदराबाहेर येत नाही.

थोडक्यात, भाड्यावर आयजीएसटी भरून झालेला आहे. पुढचं सगळं प्रकरण या ४६ हजारांनंतर सुरू होतं.

दुसरा कर: त्याच भाड्यावर

जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाला. त्याआधी तीन दिवस, २८ जूनला, सेवांवरील आयजीएसटीच्या दोन अधिसूचना निघाल्या. क्रमांक ८ च्या अधिसूचनेने बोटीने होणाऱ्या मालवाहतुकीच्या सेवेवर ५ टक्के दर ठरवला, आणि सेवा देणारा व घेणारा दोघंही भारताबाहेर असले तरी तो लागेल असं स्पष्ट लिहिलं. क्रमांक १० च्या अधिसूचनेने सांगितलं की अशा वेळी कर ‘रिव्हर्स चार्ज’ने, म्हणजे सेवा देणाऱ्याऐवजी घेणाऱ्या बाजूने, भरायचा आणि तो भारतातल्या आयातदाराने भरायचा. भाड्याचा आकडा आयातदाराला माहीत नसेल त्याचं काय? ३० जूनच्या शुद्धिपत्रात त्याचीही सोय केली: सीआयएफ मूल्याच्या १० टक्के हेच भाडं समजा.

वरच्या उदाहरणात १ कोटीचे १० टक्के म्हणजे १० लाख, त्यावर ५ टक्के म्हणजे ५० हजार. प्रत्यक्ष भाडं ९ लाखच होतं, पण ते आयातदाराला ठाऊक नाही. म्हणजे न दिलेल्या एका लाखाच्या भाड्यावरही कर. आणि पाहा, कस्टमच्या कायद्यात गृहीत भाडं एफओबीच्या २० टक्के, जीएसटीच्या अधिसूचनेत सीआयएफच्या १० टक्के. एकाच भाड्याचे दोन खात्यांत दोन गृहीत आकडे.

हे सरकारला का करावंसं वाटलं, हे समजून घेतल्याशिवाय निम्मं प्रकरण कळत नाही. तक्रार भारतीय शिपिंग कंपन्यांची होती. आयजीएसटी कायद्याच्या कलम १३ (९) प्रमाणे मालवाहतूक सेवेचं ‘पुरवठ्याचं ठिकाण’ म्हणजे माल जिथे पोचतो ते ठिकाण. त्यामुळे एखाद्या इंडोनेशियन विक्रेत्याने भारतात माल पाठवायला भारतीय बोट घेतली तर तिच्या बिलावर जीएसटी लागणार, आणि परदेशी बोट घेतली तर कर वसूल कोणाकडून करायचा? विक्रेता बाहेरचा, बोटवाला बाहेरचा. साहजिकच विक्रेता परदेशी बोट घेणार. दोघांना सारखी वागणूक मिळावी म्हणून भारतात सापडणाऱ्या एकमेव माणसावर, म्हणजे आयातदारावर, कर टाकला. सेवाकराच्या काळातही शेवटच्या काही महिन्यांत, जानेवारी ते एप्रिल २०१७ च्या दरम्यान, अशाच अधिसूचना निघाल्या होत्या. जीएसटीने ती व्यवस्था तशीच पुढे नेली.

हेतू चुकीचा होता असं मला वाटत नाही. पण समस्या भारतीय बोटवाल्याची आणि चलान भरायचं आयातदाराने, हा उपाय सुरुवातीपासून तिरका होता.

‘क्रेडिट मिळतंच की!’

त्या वेळी बऱ्याच आयातदारांना त्यांच्या सल्लागारांनी हेच सांगितलं: भरा आणि त्याच महिन्यात इनपुट टॅक्स क्रेडिट घ्या, म्हणजे तो विक्रीवरच्या करातून वळता करा, वाद कशाला? ज्याची विक्री पूर्ण करपात्र आहे त्याच्यापुरतं ते बरंचसं खरंही होतं. रिव्हर्स चार्जचा कर रोखीनेच भरावा लागतो, क्रेडिटच्या शिलकीतून भरता येत नाही. त्यामुळे काही दिवस खेळतं भांडवल अडकायचं, एवढंच नुकसान.

पण सगळ्यांची विक्री करपात्र नसते. विजेवर जीएसटी नाही, म्हणून आयात कोळसा जाळणाऱ्या वीज कंपनीला त्यावरच्या कराचं क्रेडिट मिळत नाही. भरलेला प्रत्येक रुपया तिच्या खर्चात जातो आणि पुढे विजेच्या दरात उतरतो. ज्यांच्या मालावर दर कमी आणि कच्च्या मालावर, सेवांवर जास्त, त्यांच्याकडे क्रेडिट साचत राहतं. खाद्यतेल आणि कोळसा या व्यवसायांत हे नेहमीचं आहे, आणि जुलै २०२२ पासून तर या दोन्हींच्या साचलेल्या क्रेडिटचा परतावाच बंद केला गेला.

तिसरा गट विसरभोळ्यांचा म्हणू या, जरी दोष त्यांचा कमीच होता. आपण ज्या करारात नाही, ज्याचं बिल आपल्याला आलं नाही, त्यावर कर भरायचा असतो हे अनेक लहान आयातदारांना माहीतच नव्हतं. दोन-तीन वर्षांनी ऑडिटमध्ये विषय निघाला की मागणी कराची, वर १८ टक्के व्याज. तोवर क्रेडिट घेण्याची मुदत गेलेली असण्याची शक्यता. अशा माणसाला ‘क्रेडिट मिळतंच की’ हे वाक्य ऐकवून काही उपयोग नव्हता.

गुजरात उच्च न्यायालय

२३ जानेवारी २०२० रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. ए. सी. राव यांच्या खंडपीठाने दोन्ही अधिसूचनांमधल्या या तरतुदी रद्द केल्या. न्यायालयाचं म्हणणं मुख्यतः असं: सीआयएफ सौद्यात सेवा घेणारा परदेशी विक्रेता आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम २ (९३) प्रमाणे ‘प्राप्तकर्ता’ तो, ज्याच्यावर मोबदला देण्याची जबाबदारी असते. भाडं आयातदाराने दिलेलं नाही, तर तो प्राप्तकर्ता कसा? आणि कायदा ज्याला करदाता म्हणत नाही त्याला अधिसूचनेने करदाता करता येणार नाही. शिवाय भाड्यावर कस्टममध्ये कर भरलेला असताना तो पुन्हा घेणं म्हणजे दुहेरी कर.

निकाल आयातदारांच्या बाजूने संपूर्ण होता. म्हणूनच केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं.

सर्वोच्च न्यायालय: हरत हरत जिंकणं

न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. सूर्य कांत आणि न्या. विक्रम नाथ यांच्या पीठाने दिलेला निकाल वाचताना बराच वेळ असं वाटतं की आयातदार हरणार. कारण एकामागून एक मुद्दे सरकारच्या बाजूने जातात.

आयातदार सेवेचा प्राप्तकर्ता होऊ शकतो का? होऊ शकतो, असं न्यायालय म्हणतं. माल भारतात येतो, सेवेचा उपभोग इथे होतो, कलम १३ (९) प्रमाणे पुरवठ्याचं ठिकाण भारत आहे. भारताबाहेरच्या दोन पक्षांमधल्या व्यवहाराचा भारताशी पुरेसा संबंध आहे, म्हणून परकीय भूमीवरचा कर हा आक्षेप टिकत नाही. आयातदाराला रिव्हर्स चार्जखाली आणताना अधिसूचनेने कायद्यापेक्षा वेगळा करदाता निर्माण केला का? नाही, तिने फक्त खुलासा केला. शिवाय कलम ५ (४) खाली काही वर्गांना प्राप्तकर्ता मानण्याचा अधिकार सरकारला आहे. १० टक्क्यांचं गृहीत मूल्य म्हणजे अधिकाराचा अतिरेक का? तेही नाही. गुजरात उच्च न्यायालयाच्या कारणमीमांसेतला मोठा भाग इथे गळून पडला.

राहिला एकच मुद्दा, आणि त्यावर सरकार हरलं: ‘संमिश्र पुरवठा’. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम २ (३०) प्रमाणे दोन किंवा अधिक वस्तू-सेवा व्यवसायाच्या नेहमीच्या ओघात एकत्र, एकमेकांना जोडून दिल्या जात असतील आणि त्यांतली एक मुख्य असेल, तर तो संमिश्र पुरवठा. कलम ८ सांगतं की अशा सगळ्या पुरवठ्यावर मुख्य गोष्टीचाच दर लावायचा, बाकीच्यांचा हिशेब वेगळा करायचा नाही. गंमत अशी की कायद्यानेच त्याखाली उदाहरण दिलं आहे: माल बांधून, वाहतूक करून, विम्यासह पाठवला तर माल, वेष्टन, वाहतूक आणि विमा मिळून संमिश्र पुरवठा होतो आणि त्यात माल मुख्य. सीआयएफ सौद्याचं याहून नेमकं वर्णन कुठे सापडेल? थाळीचे पैसे घेतल्यावर पापडाचं वेगळं बिल लावता येत नाही, तसंच.

सरकारने याला उत्तर दिलं. ते म्हणजे, हे दोन स्वतंत्र व्यवहार आहेत. विक्रेता आणि आयातदार यांच्यातला मालाचा व्यवहार संमिश्र असेल. आम्ही कर लावतोय तो शिपिंग लाइन आणि विक्रेता यांच्यातल्या दुसऱ्या व्यवहारावर.

माझ्या मते हा या प्रकरणातला सर्वात वाचनीय भाग. कारण आयातदाराला प्राप्तकर्ता ठरवताना सरकारनेच सांगितलं होतं की हे दोन व्यवहार एकमेकांशी जोडलेले आहेत, म्हणून भाडं शेवटी आयातदाराच्याच खिशातून जातं. न्यायालयाने हे नेमकं पकडलं. करदाता शोधताना दोन व्यवहार जोडायचे आणि संमिश्र पुरवठ्याचं कलम आडवं आलं की ते तोडायचे, असा सोयीचा युक्तिवाद चालणार नाही. जोडलेले असतील तर वस्तू आणि सेवा मिळून एकच पुरवठा आहे, आणि त्यावर कस्टममध्ये आयजीएसटी भरून झाला आहे. वरून वेगळा कर म्हणजे कलम ८ चा भंग.

इथे एक बारकावा ध्यानात ठेवावा लागतो. न्यायालयाने ‘दुहेरी कर घटनाबाह्य असतो’ असं काही म्हटलेलं नाही. एकाच गोष्टीच्या दोन पैलूंवर दोन कर असू शकतात. अधिसूचना काढण्याचा सरकारचा अधिकारही मान्य केला. हरली ती फक्त सीआयएफ सौद्यातल्या आयातदारावरची वेगळी आकारणी, आणि तीही जीएसटी कायद्याच्याच एका कलमामुळे.

परिषदेचा मुद्दा या सगळ्यात आला कुठून? केंद्राने म्हटलं की या अधिसूचना जीएसटी परिषदेच्या शिफारशीवर काढल्या आहेत आणि त्या शिफारशी बंधनकारक आहेत. त्याला उत्तर देताना न्यायालयाने राज्यघटनेतलं कलम २४६-अ आणि २७९-अ तपासलं. जीएसटीबाबत कायदा करण्याचा अधिकार संसद आणि विधिमंडळं दोघांनाही एकाच वेळी दिला आहे. परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठरावाला तीन चतुर्थांश बहुमत लागतं. अशा परिषदेच्या शिफारशींना वजन आहे, पण त्या आदेश नाहीत, असा निष्कर्ष निघाला. घटनेच्या अभ्यासकांसाठी हा भाग मोठाच. आयातदाराच्या खात्यात मात्र त्याने एक रुपयाही परत आला नाही. तो आला कलम ८ मुळे.

पैसे परत

निकाल लागला म्हणजे पैसे आपोआप परत येत नाहीत. ज्यांनी कर भरून क्रेडिट वापरलं होतं त्यांना मागण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. एकदा क्रेडिट घेऊन पुन्हा परतावा मागता येत नाही. खरा प्रश्न होता क्रेडिट न मिळालेल्यांचा. परताव्याच्या अर्जाला कलम ५४ खाली दोन वर्षांची मुदत आहे, आणि २०१७-१८ मध्ये भरलेल्या रकमांची ती केव्हाच उलटली होती. यावर गुजरात उच्च न्यायालयाची भूमिका आधीच आलेली होती: कायद्याचा आधार नसताना घेतलेली रक्कम हा करच नव्हे, घटनेच्या कलम २६५ प्रमाणे ती सरकारला ठेवून घेता येत नाही, म्हणून कलम ५४ ची मुदत तिला लागू नाही. तरी अर्जदाराला आणखी एक गोष्ट दाखवावी लागते, की हा बोजा आपण ग्राहकावर ढकललेला नाही. कोळशाच्या दरात तो धरला होता की नाही, हे जुन्या बिलांवरून सिद्ध करणं ज्यांनी केलंय त्यांनाच त्याची मेहनत माहीत. ज्यांच्या लेखापालाने पहिल्या दिवसापासून हा कर ‘विरोधासह भरला’ असं लिहून वेगळ्या खात्यात ठेवला होता त्यांचं काम सोपं झालं.

२०२३: तीच समस्या, उलट बाजूने

निकालानंतर वर्षभर अधिसूचना कागदावर तशाच राहिल्या. ११ जुलै २०२३ च्या ५० व्या बैठकीत परिषदेने त्या काढायची शिफारस केली, आणि २६ सप्टेंबर २०२३ च्या अधिसूचनांनी १ ऑक्टोबर २०२३ पासून सीआयएफ भाड्याची ती नोंद वगळली गेली.

त्याच दिवसापासून आणखी एक बदल अमलात आला, त्याकडे मात्र कमी लोकांनी पाहिलं. वित्त कायदा, २०२३ ने आयजीएसटी कायद्यातलं कलम १३ (९) च काढून टाकलं. आता देणारा किंवा घेणारा यांच्यापैकी एक भारताबाहेर असेल तर मालवाहतुकीलाही सर्वसाधारण नियम लागू: पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे सेवा घेणारा जिथे आहे ते.

परिणाम दोन. परदेशी बोटवाला आणि परदेशी विक्रेता यांच्यातल्या व्यवहाराशी भारतीय जीएसटीचा संबंध उरला नाही. आणि इंडोनेशियन विक्रेत्याने भारतीय बोट घेतली तरी सेवा घेणारा बाहेरचा, म्हणून ठिकाण बाहेरचं. पैसे परकीय चलनात आले आणि बाकीच्या अटी पुऱ्या झाल्या तर ती सेवेची निर्यात ठरते, तिच्यावर कर नाही. म्हणजे भारतीय शिपिंग कंपन्यांची मूळ तक्रार मिटली. २०१७ मध्ये परदेशी बोटीवर कर आणून बरोबरी साधायचा प्रयत्न झाला, २०२३ मध्ये भारतीय बोटीवरचा कर काढून ती साधली. हे पहिल्याच दिवशी सुचलं असतं तर सहा वर्षांचे खटले वाचले असते.

आज एफओबीवर माल मागवणाऱ्याने काय करायचं

निकाल सीआयएफपुरता आहे. एफओबी सौद्यात शिपिंग लाइनशी करार आयातदार स्वतः करतो, भाडं स्वतः भरतो. सेवा घेणारा तोच आणि तो भारतात आहे. त्यामुळे परदेशी शिपिंग लाइनला भाडं दिलं तर ती सेवेची आयात होते आणि ५ टक्के रिव्हर्स चार्ज लागतो. कलम १३ (९) गेल्याने त्यात फरक पडलेला नाही. भारतात नोंदणी असलेल्या फ्रेट फॉरवर्डरमार्फत, म्हणजे मालवाहतूक ठरवून देणाऱ्या एजंटमार्फत, बुकिंग असेल तर त्याच्या बिलातच जीएसटी लागून येतो.

पण नियम १० (२) प्रमाणे हेच भाडं कस्टम मूल्यातही मिळवलं जातं आणि त्यावर आयजीएसटी आकारला जातो. मग दुहेरी कर इथेही झालाच ना? झाला. आयातदार हेच म्हणत उच्च न्यायालयांत गेले आहेत. मला त्यांच्याबद्दल सहानुभूती आहे, पण मोहित मिनरल्सचा निकाल उचलून तसाच इथे ठेवता येईल असं वाटत नाही. संमिश्र पुरवठ्यासाठी एकाच पुरवठादाराने माल आणि वाहतूक एकत्र द्यावी लागते. एफओबीत माल एकाचा, बोट दुसऱ्याची. त्यांना वेगळा युक्तिवाद उभा करावा लागेल.

तोवर निवड करारात आहे. वरच्याच आकड्यांनी पाहा: एफओबीवर ९ लाख भाडं परदेशी लाइनला दिलं तर ४५ हजारांचा रिव्हर्स चार्ज. सीआयएफवर तोच माल घेतला तर शून्य. कस्टममधलं मूल्य दोन्हीकडे १ कोटीच. ज्याला पूर्ण क्रेडिट मिळतं त्याला हा फरक म्हणजे महिनाभराची रोख. पण वीज कंपनीला तो निव्वळ खर्च आहे. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला आणि टनामागचा ४०० रुपयांचा उपकर गेला. त्यामुळे सीआयएफ मूल्यात दडलेल्या भाड्यावर आता कस्टममध्येच १८ टक्के भरले जातात.

अर्थात कराचे ४५ हजार वाचवायला सीआयएफ घेताना विक्रेत्याने भाड्यात किती चढवलंय तेही पाहायला हवं. लाखभर जास्तीचं भाडं किमतीत घालून तो ते ४५ हजार सहज पचवू शकतो. दोन्ही अटींवर कोटेशन मागवा आणि मगच ठरवा.

कागद मात्र सौद्याशी जुळायला हवेत. इन्व्हॉइसवर ‘सीआयएफ’ आणि बिल ऑफ लेडिंगवर (शिपिंग लाइनने दिलेल्या माल-पावतीवर) ‘फ्रेट कलेक्ट’, म्हणजे भाडं पोचल्यावर खरेदीदाराकडून घ्यायचं, असं असेल तर अधिकारी पहिला प्रश्न तोच विचारतो. सीआयएफ सौद्यात तिथे ‘फ्रेट प्रीपेड’, म्हणजे भाडं आधीच भरलेलं, असायला हवं, आणि शिपिंग लाइनला आपल्या बँकेतून एकही पैसा गेलेला नसावा. गेला असेल, तर इन्व्हॉइसवर काहीही लिहिलेलं असो, सेवा घेणारे तुम्ही आहात, आणि त्या महिन्याच्या रिटर्नमध्ये रिव्हर्स चार्जची नोंद यायला हवी.